गरम गाडी एकदम बंद करत नाहीत

वस्तादांच्या खोलीत शिरलं की आधी स्टेअरिंग दिसायचं, मग माणूस. खिडकीखाली जुनं लाकडी टेबल, त्यावर खेळातलं काळं स्टेअरिंग आवळून बसवलेलं. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची पेडलं पायाखाली असायला हवीत, ती टेबलाच्या डाव्या कडेला पट्टीवर उभी ठोकलेली, कारण वस्तादांना ती हातानं दाबावी लागत. कमरेखालचं शरीर त्यांचं ऐकत नव्हतं. तीन वर्षं झाली त्याला.

त्याआधी अठ्ठावीस वर्षं त्यांनी ट्रेलर चालवला होता. लोखंडाची वेटोळी, काचेच्या पेट्या, पवनचक्कीचं घरापेक्षा लांब पातं, जे मिळेल ते. डझनभर माणसांना त्यांनी गाडी शिकवली, म्हणून ते वस्ताद. खरं नाव बहुधा लायसन्सवर असेल, पण ते कुणी विचारायला जात नसे.

भाच्यानं स्वतःला नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना मामाकडे आणून टाकला आणि त्यात ट्रक चालवायचा एक खेळ घालून दिला. मामाचा वेळ जावा, एवढाच हेतू. पण वस्तादांनी त्याचा खेळ होऊ दिला नाही. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच उतरायची. रिव्हर्स घेण्याआधी हॉर्न. रस्ता कितीही मोकळा असो, पुढच्या गाडीपासून अंतर सोडायचं म्हणजे सोडायचं. शेजारचे लोक खिडकीतून बघून हसायचे, म्हातारा चित्रातल्या गाडीचे आरसे पुसतोय म्हणून. हसतील त्यांचे दात दिसतील, दुसरं काय. वर्षभर भिंतीशी तोंड करून पडलेला माणूस सकाळी दाढी करून टेबलाशी बसू लागला होता, हे त्या हसणाऱ्यांना कुठून कळणार?

कळलं होतं ते त्यांच्या बायकोला. ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. दिवसाला चारशे चादरी, तितकेच अभ्रे, वर ऑपरेशनचे हिरवे झगे. तिथं सगळे तिला मावशी म्हणत, तेव्हा आपणही मावशीच म्हणू. मावशी फार बोलणाऱ्या नव्हत्या. पण घरी आल्यावर नवऱ्यानं "आज घाट उतरवला, ब्रेकला हातसुद्धा लावला नाही" असं म्हटलं, की त्या चपला काढता काढता हसायच्या.

रविवारी दुपारी तर ताफा निघायचा. कुठकुठल्या गावांतली दहा-बारा माणसं आपापल्या घरून एकाच रस्त्यावर गाड्या आणायची आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत मैलोन्‌मैल जायची. बहुतेकांनी खरा ट्रेलर लांबूनच पाहिलेला. वस्तादांनी त्यांना ट्रेलर मागं कसा घ्यायचा ते शिकवलं, आणि महिन्याभरात तिथंही ते वस्तादच झाले. आपले वस्ताद चाकांच्या खुर्चीत बसलेत, हे त्या लोकांना ठाऊक नव्हतं. सांगायची गरजही वस्तादांना कधी वाटली नव्हती.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन ठेपतं. लांबून आलेली गरम गाडी एकदम बंद करत नाहीत. टर्बोचं इंजिन असतं, ते पाच मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, धाप ओसरू द्यायची, मगच किल्ली फिरवायची. वस्तादांच्या हाडात मुरलेला नियम. खेळ संपला तरी ते कॉम्प्युटर बंद करत नसत. पाच मिनिटांची पंधरा, पंधराची तीस व्हायची. आणि गाडीला गार वारा लागू नये म्हणून त्या चालू डब्यावर एक निळं ब्लँकेट टाकायचे. ब्लँकेट मावशींनीच इस्पितळातून रद्दीत निघालेलं आणलं होतं. काळजी म्हणावी तर शंभर नंबरी, पण ती कॉम्प्युटरच्या मुळावर उठली होती, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

आता अपघाताचं. तो सांगायला जिभेला जड जातो, पण टाळून चालणार नाही.

लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असतात. एक चालवतो, दुसरा केबिनमध्ये मागच्या बर्थवर झोपतो. त्या धंद्यात बोललं जातं, की ज्याच्या हातात स्टेअरिंग त्याच्या हातात मागच्याची झोप. वस्तादांचा जोडीदार अकरा वर्षं त्यांच्या मागं झोपत आला होता, तोंड उघडं टाकून, घोरत. त्या दिवशी वळणापलीकडे गाड्या तुंबून उभ्या होत्या. वस्तादांची गाडी शेवटच्या ट्रेलरवर जाऊन आदळली आणि मागं लादलेली लोखंडी वेटोळी पुढे केबिनवर आली. जोडीदार झोपेतच गेला.

रस्त्यावर ब्रेकच्या खुणा सापडल्या नाहीत. चौकशीत लिहिलं गेलं, चालकाचा डोळा लागला. गाडीचा चुराडा झाला होता, ब्रेकच्या नळ्या तपासायला उरल्याच नव्हत्या. इस्पितळात नवरा शुद्धीवर आल्यावर मावशींनी त्याला एकच प्रश्न विचारला होता: "डोळा लागला होता का?"

"मी ब्रेक दाबला होता," वस्ताद म्हणाले.

मावशी त्यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी पलंगावरची चादर ओढून सरळ केली, बस. पण वस्तादांनी ते पाहिलं. तीन वर्षांत तो विषय दोघांत पुन्हा निघाला नव्हता. निघाला नव्हता म्हणजे मिटला होता असं मात्र नाही.

खेळात नवे रस्ते आले तेव्हापासून कॉम्प्युटर धापा टाकू लागला. चित्र मधेच अडकायचं, डोळ्याची पापणी लवेपर्यंत थांबायचं आणि मग गाडी एकदम पुढे गेलेली दिसायची. वस्तादांनी मावशींना सांगून ठेवलं, इंजिन कमी पडतंय, मोठं ग्राफिक कार्ड घालायला हवं. तसं एका चिठ्ठीवर लिहून खाली दोन रेघाही मारल्या. मावशी म्हणाल्या, बघू.

आणि मग तो रविवार आला. टोलनाक्यावर ताफा रांगेत उभा राहत होता. वस्ताद मागून येत होते, अंतर सोडून, सावकाश. चित्र अडकलं. सुटलं तेव्हा त्यांची गाडी पुढच्या गाडीत घुसलेली होती. हेडफोनमधून कुणीतरी म्हणालं, "काय वस्ताद, डुलकी लागली काय?" आणि सगळे हसले. मनात कुणाच्या काही नव्हतं. थट्टाच ती.

मावशी तेव्हा मागं भाजी निवडत होत्या. त्यांना हेडफोनमधलं ऐकू गेलं नाही. त्यांनी एवढंच पाहिलं, की वस्तादांनी हेडफोन काढला, खिळ्याला अडकवला आणि वाकून सरळ भिंतीतलं बटण बंद केलं. पाच मिनिटं नाही की पाच सेकंद नाही. गरम गाडी त्यांनी एकदम बंद केली. मावशींनी हातातली भाजी खाली ठेवली. काय झालं म्हणून विचारलं तर वस्ताद म्हणाले, "तेच. लोकांना वाटतं मी झोपतो."

त्यानंतर चार आठवडे ते टेबलाशी बसले नाहीत. पुन्हा भिंतीकडे तोंड. वाढलं तर जेवायचे, विचारलं तर मान हलवायचे. दाढी वाढली. तीन वर्षांपूर्वी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मावशींना बाजूला घेऊन बजावलं होतं, पाय गेलेला माणूस पायानं मरत नाही, भिंतीकडे तोंड करून मरतो, लक्ष ठेवा. मावशींना ते वाक्य आता चादरी घडी करताना, बसची वाट बघताना, कुठंही ऐकू येऊ लागलं.

त्यांच्याकडे थोडे पैसे साठलेले होते, घरी कपडे धुवायचं एक जुनं मशीन घ्यायला. दिवसभर चारशे चादरी मशीनमध्ये धुणारी बाई घरी येऊन दगडावर कपडे आपटते, यावर धुलाईखान्यात रोज विनोद व्हायचे. मावशींनी ठरवलं, आणखी काही वर्षं होऊ देत विनोद. एके दिवशी अर्धी रजा टाकली, चादरी न्यायची चाकांची गाडी धुलाईखान्यातून मागून आणली. कॉम्प्युटरच्या प्रत्येक वायरला त्यांनी वॉर्डाच्या कपड्यांना बांधतात तसा नंबरचा बिल्ला बांधला, जिथं वायर लागते तिथं तोच नंबर चिकटवला, आणि डबा, स्क्रीन, स्टेअरिंग, पेडलं सगळं गाडीत घातलं. वरून निळं ब्लँकेट. वस्तादांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

दोन गल्ल्या सोडून एका जिन्याखाली दुरुस्तीचं दुकान होतं. चालवणारी बाई पस्तिशीची, चष्मा डोक्यावर, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मावशींनी चिठ्ठी पुढे केली. दुकानवालीनं ती वाचली, मावशींच्या हातातल्या पाकिटाचा जाडपणा पाहिला आणि म्हणाली, की हे कार्ड घ्यायचं तर त्याला वीजही जास्त लागते, म्हणजे वीज पुरवणारा डबाही बदलावा लागेल, आणि दोन्ही मिळून तुमच्या पैशात बसणार नाही. आधी उघडून बघू.

उघडलं, आणि दोघीही वाकून बघू लागल्या. आतल्या पंख्यावर आणि त्याच्या खालच्या धातूच्या पट्ट्यांवर निळ्या लवेचा थर बसला होता, बोटभर जाड. दुकानवालीला कळेना हे काय. मावशींना मात्र बघताक्षणी कळलं. धुलाईखान्यात कपडे वाळवायच्या मशीनच्या जाळीतून दिवसातून तीनदा अशीच लव त्या खरवडून काढायच्या. नाही काढली तर मशीन पेटतं. त्यांनी खाली मान घालून ब्लँकेटची गोष्ट सांगितली, पाच मिनिटांच्या नियमाचीही सांगितली. दुकानवाली हसायला लागली होती, पण मावशींचा चेहरा बघून तिनं हसू गिळलं.

ब्रशनं सगळं साफ झाल्यावर ती म्हणाली, एवढ्यानं भागलं तर भागलं, चालवून बघू. तिला बाजूच्या स्क्रीनवर मशीनचे आकडे वाचायचे होते, म्हणून स्टेअरिंगवर बसायला दुसरं माणूस हवं. दुसरं माणूस म्हणजे मावशी. त्यांनी आयुष्यात सायकलही चालवली नव्हती. तरी बसल्या. उजव्या हातात स्टेअरिंग, डाव्या हाताखाली पेडल, जसं नवऱ्याला रोज पाहिलं होतं तसं. गाडी हलली. रस्ता सरळ होता. मावशी इतक्या हळू चालवत होत्या की बैलगाडीनं ओव्हरटेक केलं असतं.

शहर जवळ आलं, इमारती उगवू लागल्या, पुढे सिग्नलला दोन गाड्या उभ्या दिसल्या. मावशींनी वेळेवर, अगदी लांबूनच, ब्रेक दाबला. चित्र थांबलं. गाड्या, सिग्नल, झाडं, सगळं जिथल्या तिथं. मावशींनी आणखी जोर लावला, तळहातानं, खांद्यानं. मग चित्र सुटलं, आणि त्यांची गाडी पुढच्या गाडीच्या पाठीत शिरलेली होती.

"मी दाबला होता," मावशी म्हणाल्या.

दुकानवाली आकड्यांत होती. ती म्हणाली, दाबलाच असणार, तुमचा काय दोष. दुखणं तिला सापडलं होतं. कार्ड ठीक आहे. मेमरी अपुरी आहे आणि जुनी डिस्क रांगत चालते, त्यामुळे नवा भाग आला की मशीन तो उचलून आणेपर्यंत खोळंबतं. "तुमच्या साहेबांचं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," ती म्हणाली. मेमरीची एक पट्टी आणि नवी डिस्क घातली की पैशात बसतं. चित्र फार झकपक दिसणार नाही, तेवढं चालवून घ्या.

मावशींनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांचा डावा हात अजून पेडलवर होता, बोटं पांढरी पडली होती. तेच शब्द. तीन वर्षांपूर्वी पलंगावरून आलेले, आणि त्यांनी चादर ओढून झाकून टाकलेले. दुकानवाली तरी लगेच म्हणाली, दाबलाच असणार. परकी बाई, ओळख ना पाळख, तिला ते म्हणायला क्षणही लागला नाही. मावशींना आपलीच शरम वाटली, इतकी की कान तापले. मग त्यांनी एकच विचारलं, "पण थांबणार नाही ना आता?"

"नाही थांबणार."

दोन दिवसांनी सामान घरी आलं. मावशी बिल्ले बघून वायरी जोडत बसल्या. वस्ताद भिंतीकडे वळलेले. एक वायर कुठंच बसेना, तेव्हा पाठीमागून आवाज आला, "चार नंबर खाली. तू वर लावतेस." कधी वळले होते कुणास ठाऊक.

मावशींनी चार नंबर खाली लावला. मग तिथंच जमिनीवर बसून राहिल्या.

"दुकानात मी चालवली," त्या म्हणाल्या. "पुढं गाड्या उभ्या होत्या. मी ब्रेक दाबला होता. तरी आदळली."

वस्तादांची नजर चार नंबरच्या वायरवर होती.

"तेव्हा इस्पितळात मी तुम्हाला विचारलं. तुम्ही सांगितलंत, आणि मी गप्प राहिले. चुकलं माझं."

बाहेर कुणीतरी बादली ओतली. वस्ताद छताकडे बघत म्हणाले, "आता माझीच खात्री राहिली नाही. सगळे म्हणाले लागला. एवढी माणसं म्हणतात तर लागलाही असेल डोळा."

"नाही लागला."

"तुला काय माहीत? तू कुठं होतीस तिथं?"

"नव्हते," मावशी म्हणाल्या. "पण जो होता तो अकरा वर्षं तुमच्या मागं निवांत झोपला. त्याला माहीत होतं. मलाही आहे."

वस्तादांनी तोंडावर हात घेतला. खांदे हलत होते. तीन वर्षांत ते रडले नव्हते. जोडीदाराचं कळलं तेव्हाही नाही. मावशी उठून पलंगावर जाऊन बसल्या आणि या वेळी त्यांनी चादर ओढली नाही.

थोड्या वेळानं वस्तादांनी नाक पुसलं आणि ड्रायव्हरसारखं विचारलं, बिघाड काय निघाला. मावशींनी मेमरी आणि डिस्कचं जमेल तसं सांगितलं. वस्ताद म्हणाले, म्हणजे इंजिन चांगलं होतं, डिझेलच पोचत नव्हतं. मग ब्लँकेटचं कळल्यावर मात्र ते ओशाळले. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांना फिल्टर साफ करायला शिकवलं आणि स्वतःच्याच गाडीचं नाक दाबून धरलं होतं. मावशी म्हणाल्या, ब्लँकेट तरी कुणी आणलं होतं? दुकानवालीचा निरोपही त्यांनी पोचवला: खेळ संपला की मशीन लगेच बंद करायचं, वर काही टाकायचं नाही, उगाच चालू ठेवून तापवायचं नाही. वस्तादांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावर दिसत होतं की पटलेलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली. दुपारी हेडफोन खिळ्यावरून काढून कानाला लावला. इतके दिवस कुठं होता म्हणून ताफ्यातल्यांनी विचारलं असावं, कारण वस्ताद थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग शांतपणे म्हणाले, "मी ब्रेक दाबला होता. मशीन अडकलं होतं." पलीकडून काय उत्तर आलं ते मावशींना कळलं नाही. पण वस्तादांची गाडी बाजूनं निघाली आणि सगळ्यांच्या पुढं जाऊन लागली. ताफा त्यांच्या मागं निघाला.

मावशी मागच्या पलंगावर बसून रस्ता बघत होत्या. झाडं जरा सपाट दिसत होती, इमारतींच्या खिडक्या फिकट, पण काहीही अडकत नव्हतं. इतके दिवस नवरा चालवत असला की त्यांची नजर पुढच्या गाडीवर खिळलेली असायची, आता आदळेल, मग आदळेल अशी. खेळातलीच गाडी, तरीसुद्धा. आज त्यांनी धुतलेलं निळं ब्लँकेट पायांवर घेतलं, भिंतीला पाठ टेकली. टोलनाका येईपर्यंत त्यांचं तोंड उघडं पडलं होतं आणि त्या घोरत होत्या.

वस्तादांना ते हेडफोनच्या आतूनही ऐकू आलं. अर्धवट वळून त्यांनी एकदा मागं पाहिलं. मग पुढं पाहिलं, अंतर सोडलं आणि डाव्या हातानं ब्रेक हळूहळू दाबत गाडी रांगेत उभी केली.

ताफा सुटला, सगळ्यांनी निरोप घेतले. आता मशीन लगेच बंद करायचं होतं. वस्तादांनी बटणाकडे हात नेला आणि मागं घेतला. इंजिन बंद झालं की मागच्या बर्थवरचा माणूस जागा होतो, हे कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक असतं. त्यांनी पंख्याची घरघर तशीच चालू ठेवली आणि मावशी आपणहून उठेपर्यंत तासभर स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.